थांबा, पाहून सांगतो

भाऊंना कोणी "कसे आहात?" विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. "थांबा, पाहून सांगतो," म्हणत, क्षणभर डोळे मिटत आणि मग खरंच सांगत, "गुडघा दुखून राहिला. बाकी ठीक." माणूस रीत म्हणून विचारतो आणि हे आपले तपासणी करून बसतात, याचा आम्हाला वैताग यायचा. ऑफिसात त्यांचं नावच 'पाहून सांगतो' पडलं होतं.

ऑफिस अमरावतीत, भाऊ रोज अचलपूरहून एसटीने येत. घरचे सगळे भाजीच्या मळ्यात, हे मात्र ड्रायव्हर लिहीत. एका खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालतात, त्यांच्या आभासी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम. त्या कार्डाला ना तार, ना लुकलुकणारा दिवा. जोडणी चालू की बंद, हे ड्रायव्हर सांगेल तेच खरं. आमचा जुना ड्रायव्हर सुरू होताच 'चालू' म्हणून मोकळा व्हायचा. बाहेर जोडणी तुटलेली असली तरी आतला संगणक बिचारा पाठवत राही, आणि पाठवलेलं कुठेच पोचत नसे.

भाऊंनी हे बदललं. आधी 'बंद' धरायचं, खऱ्या संगणकाला विचारायचं, मगच आतल्या संगणकाला कळवायचं. काही बदललं अशी सूचना आली, तरी स्थिती पुन्हा स्वतः वाचायची. आता जोडणी नसली की पडद्यावर हिरवीऐवजी लाल खूण दिसू लागली. साहेब कातावले. "गिऱ्हाइकाले लाल खूण नको दिसाले, भाऊ. हिरवीच ठेवा."

"साहेब, त्या आतल्या मशीनले दुसरं कोनी नाही," भाऊ शांतपणे म्हणाले. "आपनच खोटं सांगतलं तं तिनं कोनाले इचारावं?"

नव्या गिऱ्हाइकाला काम दाखवायच्या दिवशी नेमकी मधेच जोडणी गेली. पडद्यावर लाल खूण आली. पाहायला आलेल्यांनी विचारलं, "चालू आहे ना?" साहेब "हो, हो" म्हणेपर्यंत भाऊंचं ठरलेलं वाक्य आलंच. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं, "नाही. बंद हाये." ते काम आम्हाला मिळालं नाही. पाठोपाठ भाऊंची नोकरी गेली. डबा पिशवीत ठेवून ते नेहमीच्याच एसटीने गेले. साहेबांनी हिरवी खूण परत आणली. तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या तक्रारी मी ऐकते आहे. आता त्या ऐकूनही काही वाटत नाही, इतकी थकले आहे.

पुढे भाऊंच्या छातीचं दुखणं निघालं. मी फोन करायचे. "कसे आहात?" विचारलं की पलीकडे ती ओळखीची शांतता, मग खरं उत्तर. "जिना चढनं होत नाही, ताई." "आज भाकर गेली." ऐकून वाईट वाटायचं, पण काय चाललंय ते नीट कळायचं.

गेल्या महिन्यात विचारलं तर त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "मस्त हाये, ताई. तुमी कायजी नका करू."

मी फोन ठेवला, रजा टाकली आणि मिळेल ती अचलपूरची एसटी पकडली. भेट झाली. ती शेवटचीच.