खलनायिकेची बाजू

लातूरला आमची आणि शेजारच्या काकूंची भिंत एकच. संध्याकाळी मालिका लागली की टीव्हीपेक्षा काकूंचाच आवाज जास्त यायचा. गल्लीतल्या बायांचा नायिकेवर लई जीव, काकू मात्र पहिल्यापासून खलनायिकेच्या बाजूच्या. "त्या घरात डोकं हाय ते तिलाच. बाकीचे निसते नटूनथटून जिन्यात उभे."

परवा नायिकेनं सासूच्या शब्दाखातर नोकरी सोडली. गल्ली हळहळली. भिंतीपलीकडून काकू म्हणाल्या, "सोड, सोड. उद्या हीच सासू म्हणंल, दिवसभर करती काय." आणि त्यांचा टीव्ही बंद झाला.

दुसऱ्या दिवशी काकू आमच्या दारात. "सून परीक्षेचा अभ्यास करायली. आता तुमच्याकडंच बघते." आत येऊन त्यांनी माझ्या हातातला रिमोट घेतला आणि आवाज पार बंद केला. भिंत पातळ आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार.

पडद्यावर खलनायिका तावातावानं काहीतरी बोलत होती. एक शब्द ऐकू येत नव्हता. काकू पुढं सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "बरोबर हाय तुझं."