न सोललेली रॉकेटं

आमच्या घरात दोन गोष्टी साठत जातात: बाबांचे रॉकेटचे डबे आणि त्या डब्यांवरचे किस्से. डबे निदान ओळीने लावलेले असतात. किस्से मात्र कुठूनही बाहेर पडतात. लग्नात, पालकसभेत, किराणा दुकानाच्या रांगेत. आणि सांगणाऱ्याला समोर नेमकी मीच सापडते. "तुझ्याच घरी ना ते रॉकेटवाले?" असं कोणी विचारलं की मी मान हलवते आणि बुटाची लेस बांधायला खाली वाकते. शाळेत सगळ्यात घट्ट लेस माझ्याच असतात!

आधीच सांगते, ही दिवाळीची रॉकेटं नाहीत. ही किट आहेत. डब्यात पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे पंख, टोकदार टोपी, स्टिकर, एक रबरी दोरी आणि प्लास्टिकचं पॅराशूट असतं. ते चिकटवून रॉकेट आपण बनवायचं. इंजिन वेगळं असतं आणि ते आपल्याकडे पार्सलने येत नाही. बाबा ही किट कित्येक वर्षं गोळा करतायत. ऑनलाइन, कोणाच्या परदेशातल्या भाच्याच्या बॅगेतून, कुठून कुठून. बनवलं मात्र एकही नाही.

"बाबा, आपण एक तरी काहून नाही बनवत?" मी लहान असताना विचारलं होतं.

बाबांची नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची अडत आहे. ते म्हणाले, "सोललेलं संत्रं कोणी इकत घेते का वं?"



*

दुसरा कोणी असता तर त्याने डबे कंपनीप्रमाणे लावले असते. बाबांनी ते बाजारासारखे लावलेत. मोठा माल, मध्यम माल, आणि सगळ्यात बारीक ती चुरी. संत्र्यांची असते तशीच. सगळा माल प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये, खाली तणस म्हणजे भाताचा पेंढा. कॅरेट माझ्या खोलीत. त्यामुळे प्रताप नगरातल्या दुसऱ्या मजल्यावर राहूनही माझ्या खोलीला गोठ्याचा वास येतो.

महिन्यातून एका रविवारी 'पलटी' असते. खालचं कॅरेट वर, वरचं खाली.

"खालचा माल दबते," बाबा म्हणतात.

"बाबा, तो पुठ्ठा आहे."

"पुठ्ठा का दबत नाही?"

अशाच एका रविवारी माझी मैत्रीण मृण्मयी प्रोजेक्टसाठी आली. बाबांनी तिला बसूसुद्धा दिलं नाही. "ये बेटा, बरी आली! ते चुरी उचल अन् खिडकीपाशी लाव." मृण्मयीने चुरी उचलली. मग मध्यम उचलला. तिच्या केसांत तणस अडकलं होतं आणि ती हसू दाबत होती. मी अनवाणी होते, त्यामुळे वाकून बांधायला लेसही नव्हती.

सोमवारी वर्गात तिने जाहीर केलं, "सानिकाकडे रॉकेटं अढीत घातलीत यार! पिकली की सगळ्यांना वाटणार आहे!"

अजूनही डबा खाताना कोणीतरी विचारतंच, "पिकली का गं?"

*

नागपुरात कूलर उन्हाळ्यात हवा देतो आणि उरलेलं वर्ष कपाटाचं काम करतो. आमच्या कूलरमध्ये काय असणार, हे सांगायला नको.

बाबांचे मोठे भाऊ, माझे मोठे बाबा, काटोलला असतात. गेल्या वर्षी ऊन अंमळ लवकर तापलं. त्यात ते भर दुपारी बसने आले. बाबा बाजारात, आई स्वयंपाकघरात. मोठ्या बाबांनी कोणाला न विचारता कूलरच्या टाकीत बादलीभर पाणी ओतलं. मग आणखी एक. मग वाकून आत बघितलं.

"मंगला," त्यांनी आईला हाक मारली, "तुमच्या कूलरमधी या नावा कोणी सोडल्या?"

बाबा सौदा अर्धा टाकून घरी आले. संध्याकाळपर्यंत सगळे डबे गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, आईच्या जुन्या साडीवर पसरलेले. शेजारी मी. हातात काठी, कावळे हाकलायला!

बाजूच्या गच्चीवरून काकूंनी विचारलं, "मंगला, यंदा वाळवण लवकर घातलं वं?"

आईने मानही वर केली नाही. "हो वं. उडदाचे रॉकेट आहेत."

काकू बराच वेळ कठड्याशी उभ्या होत्या. मी साडीकडे बघत होते. बाबांनी मात्र एकेक डबा पुसला, कानाशी नेऊन हलवला आणि सांगून टाकलं, "आतल्या मालाले काही झालं नाही."

एकही डबा न उघडता त्यांना हे कसं कळलं, ते कोणी विचारलं नाही.

*

एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून बाबा मला अडतीवर घेऊन गेले. तिथे प्रत्येकाला सांगत होते, "माही पोरगी. सायंटिस्ट आहे." मला तेव्हा विज्ञानात जेमतेम मार्क पडले होते. मी पोत्यामागे सरकत सरकत शेवटी भिंतीला टेकले.

तेवढ्यात एका घेणाऱ्याने ढेरातलं एक संत्रं उचलून कापलं. वरून चकचकीत, आतून कोरडं! फोडी कापसासारख्या. आजूबाजूची माणसं हसली. मला वाटलं, आता बाबा घाईघाईने एखादं चांगलं फळ काढून देतील. पण त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "कोठूनबी उचला. तुमच्या हातानं."

घेणाऱ्याने अगदी तळातून एक ओढलं, कापलं, आणि रस थेट माझ्या ड्रेसवर उडाला. सौदा झाला.

घरी येताना मी विचारलं, "तुम्हीच एक चांगलं काढून का नाही दिलं?"

"मी काढलेलं तं चांगलंच निघन ना! मंग त्याले भरोसा कसा येईन?"

"पण हात मागे काहून बांधले?"

"मोकळे ठेवले तं ढेराकडंच जाते."

*

माझ्या प्रत्येक वाढदिवसाला बाबा माझ्या नावाने एक किट आणतात. पहिलं मी जन्मले त्या वर्षीचं. ही सगळी वेगळ्या कॅरेटमध्ये असतात. सगळीच बारीक, म्हणून तेही चुरीचंच कॅरेट.

विधी ठरलेला आहे. आई ओवाळते, बाबा डबा माझ्या हातात देतात, फोटो निघतो, बाबा डबा परत घेतात.

गेल्या वाढदिवसाला मैत्रिणी आल्या होत्या. "पप्पांनी काय दिलं?"

"रॉकेट."

"दाखव ना!"

"पॅक आहे."

"मग खोल ना!"

मी बाबांकडे बघितलं. बाबा छताकडे बघत होते. मृण्मयी भिंतीवरचे जुने फोटो निरखत होती. ती म्हणाली, "सानिका, हे बघ ना. प्रत्येक फोटोत डबा तुझ्या हातात आहे, आणि काकांचा हातपण डब्यावरच आहे!"

सगळ्या हसल्या. मी केक कापायला घेतला. तो आधीच कापलेला होता.

*

आणि मग विज्ञान दिन आला. सरांनी वर्गात विचारलं, "कोणाच्या पालकांना काही वेगळा छंद आहे का?" मी पेन खाली पाडलं आणि बाकाखाली गेले. वर आले तेव्हा मृण्मयीने माझ्या वतीने हात वर केलेला होता.

मॅट्रिकनंतर बाबा थेट अडतीवर बसले. त्यानंतर कोणत्याही शाळेने त्यांना फीशिवाय कशासाठी बोलावलं नव्हतं. त्यांनी नवीन शर्ट घेतला, केस काळे केले. अख्ख्या कळमन्याला सांगून झालं, "शाळेनं बलावलं आहे. भाषण आहे."

"बाबा, एक तरी बनवून न्या ना," मी म्हटलं. "मुलं विचारतील."

"बघू."

"यांचं बघू म्हणजे नाही," आई म्हणाली, "हे खालच्या मांजरालेबी माहीत आहे."

मला रात्रंदिवस एकच भीती होती. सगळी शाळा हसेल, आणि दहावी मला याच शाळेत काढायची आहे.

बाबा तीन कॅरेट घेऊन आले. तणसासकट. सगळ्यात वर माझं वाढदिवसाचं कॅरेट, मानाने. हॉल भरलेला. बाबांनी माल कसा लावायचा, पलटी कशी मारायची, ऊन कसं चुकवायचं, सगळं छान सांगितलं. पहिल्या रांगेतली पाचवी-सहावीची मुलं मान उंच करून बसली होती. मी शेवटच्या रांगेत, खांबाआड.

एका मुलीने विचारलं, "काका, यातलं कोणतं उडतं?"

बाबा कॅरेटमधलं तणस सारखं करू लागले.

सर सावरून घ्यायला पुढे आले. "आपण एक उघडून बघू या का?" आणि त्यांनी हात घालून वरचा डबा उचलला. माझ्या जन्माच्या वर्षीचा.

घेणाऱ्याने नमुना मागितला, तर बाबा नाही म्हणूच शकत नाहीत. त्यांनी अंगठ्याचं नख लावून प्लास्टिक फाडलं, संत्रं सोलतात तसं. झाकण उघडलं. स्टिकर तपकिरी पडून वळले होते. पॅराशूटच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. बाबांनी रबरी दोरी उचलली, तर तिचे बोटातच तुकडे पडले. बाबांनी डबा नाकाशी नेऊन वास घेतला.

तिथे पहिलं हसू फुटलं. मग हॉलभर पसरलं. मृण्मयीने वळून माझ्याकडे बघितलं. ती हसत नव्हती, आणि ते मला जास्त लागलं. मी खांबाला इतकी चिकटले की चुना गालाला लागला.

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. मग त्यांनी तो टेबलावर ठेवला. तिन्ही कॅरेट एकेक करून पायाने पुढे ढकलली, पार पहिल्या रांगेपर्यंत. आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"कोठूनबी उचला," ते म्हणाले. "तुमच्या हातानं खोला."

 मग ती प्रश्न विचारणारी मुलगी उठली. तिच्यामागे आणखी दोघं. मग सगळी रांग. प्लास्टिक फाटण्याचा आवाज पावसासारखा वाढत गेला. "सर, फेव्हिकॉल!" "माझी दोरी चांगली आहे!" "अबे, पंख कुठं लावू?" हॉलभर तणस उडत होतं. बाबा जागचे हलले नाहीत. त्यांचे हात पाठीमागे इतके घट्ट बांधलेले होते की नवीन शर्ट छातीवर ताणला होता.

मग त्यांनी मान वर करून थेट खांबाकडे बघितलं.

"सानू," सगळ्या शाळेसमोर ते मोठ्याने म्हणाले, "तू बी उचल वं."

एवढा मोठा हॉल मी आजवर कधी एकटीने ओलांडला नव्हता. माझ्या कॅरेटमध्ये एकच डबा उरला होता. मी तो घेतला. प्लास्टिकला नख लावलं आणि बाबांकडे बघितलं.

त्यांचे हात मागेच होते.