पेट्या भरेपर्यंत पडवी

"पुस्तक दोन्ही हातांनी धर," सर म्हणाले. "बोटं सगळ्यांना दिसली पाहिजेत."

मी धरलं. जाडजूड इंग्रजी पुस्तक. ते मला वाचायचं नव्हतं. नुसते हात अडकवून ठेवायचे होते. समोर बाकांवर शिकाऊ मानसशास्त्रज्ञ बसलेले, पुण्या-मुंबईकडचे, वह्या उघडून. मी फळ्याजवळ उभी. खुर्ची मला कुणी दिली नव्हती.

"आता तुझं नाव सांग आणि राहतेस कुठे ते सांग."

नाव कसंबसं निघालं. मग वाडीचं नाव आलं आणि जीभ अडली. ब. ब. ब. ओठ मिटले ते सुटेनात. मान हलायला लागली, डोळे आपोआप बंद झाले. मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं. दाबलेलं हसू मला लगेच ओळखू येतं. लहानपणापासून ऐकत आलेय.

सर मात्र खूश झाले. फळ्यावर आलेख काढलेला होता. त्यांनी खडूनं त्याची रेषा खाली ओढली.

"पाहिलंत? उपचार काढला, रेषा पडली. एकाच केसवर सिद्ध झालं. याहून स्वच्छ उदाहरण तुम्हाला मिळायचं नाही."

मी अजून 'ब'वरच होते. बौद्धवाडी. एवढंच म्हणायचं होतं मला. ते पुरं व्हायची वाट कुणी पाहिली नाही.

हा शब्द शाळेत अडला तो अडलाच. गुरुजी वर्गात उभं करायचे आणि विचारायचे, "कुठली गं तू?" त्यांना ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी रोज विचारायचे. मी ब-ब-ब करायची आणि मागून पोरं बें-बें करायची. गुरुजी हसायचे नाहीत, पण थांबवायचेही नाहीत. माझं नाव बकरी पडलं. मोठी झाले, डी.एड. झाले, तरी गावात कुणी तरी बकरी म्हणायचंच. तोतरी बाई वर्ग काय घेणार, असं तोंडावर म्हणायचे.

पण मला वर्गच घ्यायचा होता. दुसरं काही नको होतं.

मी डी.एड. झाले त्या वर्षी पुण्याच्या सरांनी रत्नागिरीत शिकाऊ मानसशास्त्रज्ञांचा वर्ग सुरू केला. शिकाऊंना एकेक रुग्ण वाटून दिला. मी मंजिरीताईंच्या वाट्याला आले. ताई गोड बोलायच्या. मला अहोजाहो करायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी करत होतं. आधी त्यांनी नुसतं ऐकलं, मी कुठं किती अडते ते लिहून घेतलं. मग एक युक्ती शिकवली. बोलताना बोटानं मांडीवर ठोका द्यायचा. एक अक्षर, एक ठोका. घाई करायची नाही.

आणि शब्द सुटायला लागले. खरंच सुटले. एके दिवशी घरी येऊन मी पदराखाली बोटानं ठोके दिले आणि आयेला म्हटलं, "आपली बौद्धवाडी." अख्खं. आये चुलीत लाकूड सारत होती. ते हातात तसंच राहिलं.

"परत बोल गो," म्हणाली.

मी परत बोलले. दोघी रडलो.

मग मुलाखतीचं बोलावणं आलं. शिक्षिकेची जागा होती. मी धावत जाऊन ताईंना सांगितलं. त्या हसल्या. मग वहीत तारीख लिहून घेतली. मुलाखतीला आठवडा राहिला तेव्हा म्हणाल्या, "आता बोट वापरू नका. तुम्हाला त्याची गरज राहिली नाही." हे बोलताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. मला वाटलं, मी बरी झाले. आयेनं बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली.

दोन दिवसांत जीभ परत जड झाली. मी मूठ आवळून धरायची, बोट हलू नये म्हणून. ताईंनी सांगितलं होतं ना. त्या शिकलेल्या. त्यांना जास्त कळतं.

मुलाखतीत टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधल्यानं विचारलं, "गाव कुठलं? वाडी कुठली?" मी मांडीवर दोन्ही मुठी आवळून बसले. ब. ब. ब. ब. एकानं घड्याळ पाहिलं. दुसरा म्हणाला, "राहू दे बाई, राहू दे." दयेनं म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

जागा गेली. दोनच दिवसांनी मला वर्गात बोलावलं, हातात पुस्तक दिलं, आणि सर शिकवत असताना मला सगळं कळलं. सर सांगत होते, गावाकडे शंभर रुग्ण कुठून आणणार? एकावरही संशोधन होतं. आधी नुसतं मोजा. मग उपचार द्या. मग काढून घ्या. रेषा पडली की समजायचं, गुण उपचाराचाच होता. मग परत द्या. "रुग्णाला कारण सांगत बसू नका. तुला गरज उरली नाही, एवढंच सांगा."

मी मंजिरीताईंकडे पाहिलं. त्या वहीत मान घालून बसल्या होत्या. इतके दिवस ताकास तूर लागू दिली नव्हती. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. इथं गरज वैद्याची होती आणि मेले मी.

"उद्या सकाळी ये," सर मला म्हणाले. "उद्या परत द्यायचंय."

मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि निघाले.

एसटीत बसल्यावर आये आठवली. आमच्या गावात आंब्याचा हंगाम आला की खोतांच्या घरून बोलावणं यायचं. पेट्या भरायला हात कमी पडायचे. तेव्हा आमच्या वाडीच्या बायका खोतांच्या पडवीत बसायच्या, सारवलेल्या जमिनीवर, त्यांच्या बायकांच्या शेजारी. शेवटची पेटी गेली की दुसऱ्या दिवसापासून गडग्याबाहेर. चिऱ्याच्या त्या कुंपणावरून हाक मारायची, आत पाय टाकायचा नाही. पुढच्या वर्षी परत पडवी. आये म्हणायची, "पेट्या भरेपरेंत पडवी, मंग गडगा." हसून म्हणायची. आणि दर वर्षी जायची.

द्यायचं, काढून घ्यायचं, परत द्यायचं. हे पुण्याच्या सरांनी शोधलं नव्हतं. आमच्या गावात ते पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. आणि आम्हीही बोलावलं की उठून जात होतो. मला त्या सरांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी मंजिरीताई शोधत वाडीत आल्या. आमच्या गडग्याबाहेर उभ्या राहिल्या, घामेघूम.

"बाय, पडवीत या, वायच पानी घ्या," आये म्हणाली. आमची पडवी कुणाला बंद नव्हती.

त्या आत आल्या नाहीत. मला म्हणाल्या, "चला ना. शेवटचा टप्पा राहिलाय. तुमचं बोलणं पुन्हा सुधारेल, मी शब्द देते."

मी हात गडग्याच्या चिऱ्यावर ठेवला. उघड, पदराबाहेर. एक अक्षर, एक ठोका.

"मला विचारलं असतंत, तर मी हो म्हटलं असतं. मुलाखतीनंतर काढा म्हटलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत."

"सरांनी सांगितलं होतं हो."

"बोट माझं आहे. ते परत देणाऱ्या तुम्ही कोण?"

"मग आलेख अर्धवट राहील. रेषा पडलेलीच दिसेल."

"दिसू दे."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दया आली नाही. येऊ द्यायची नव्हती. त्या गेल्यावर आये म्हणाली, "गरिबानं येवडी घमेंड करू नये गो. त्येंच्याकडनंच तर शिकलीस." खरं होतं ते. तरी मी गेले नाही.

त्या उन्हाळ्यात खोतांचं बोलावणं आलं. आये गेली. मी गेले नाही.

पुढच्या मुलाखतीला मी बोट टेबलावर ठेवलं, तिघांना दिसेल असं. ठोका ऐकू जाईल असं. मधला म्हणाला, "हे काय चाललंय? हात खाली घ्या."

मी घेतला नाही. नाव सांगितलं, गाव सांगितलं, बौद्धवाडी सांगितली, शेवटच्या अक्षरापर्यंत. ते एकमेकांकडे बघून हसले. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

पुन्हा जाणार आहे. बोट टेबलावरच असेल.