समासातली गोगलगाय

आमच्या ड्रॉइंग सेक्शनमधल्या वसईकर ड्राफ्ट्समनइतका सुखी माणूस मी अख्ख्या अमिरातीत दुसरा पाहिला नाही. पण त्याच्याबद्दल कुणी विचारलं, की "चांगला होता" एवढंच म्हणून मी इतकी वर्षं विषय बदलत आलो. आता सत्तरी उलटली. निदान कागदावर तरी खरं सांगून टाकावं.

रास अल खोरच्या एका कंत्राटी कंपनीत मी चीफ ड्राफ्ट्समन आणि तो माझ्या हाताखाली. दिवसभर आम्ही गटारांचे नकाशे काढायचो. शुक्रवारी सगळं ऑफिस घरी घोरायचं, नाहीतर मॉलच्या गारव्यात फिरायचं. हा मात्र चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून, इस्त्रीच्या शर्टात, बस बदलत अबूधाबीच्या संग्रहालयात जायचा, आणि तोही एका पुस्तकासाठी. वासराच्या कातड्यावर हाताने लिहिलेलं, शेकडो वर्षांपूर्वीचं ख्रिस्ती प्रार्थनांचं पुस्तक. तळहाताएवढं, सोन्याच्या वर्खाचं, समासात वेलबुट्टी. उजेडाने रंग उडतात म्हणून काचेच्या पेटीत ते एकाच जागी उघडं असायचं आणि काही महिन्यांनी संग्रहालयवाले पान उलटायचे. हा गृहस्थ ते पुस्तक वाचत होता, आणि दीड वर्षात त्याची जेमतेम चार पानं झाली होती. तिथला मल्याळी पहारेकरी ओरडायचा, "भाई, काच पे नाक मत लगाओ!" हा नाक न हलवता विचारायचा, "पन्ना कब पलटेगा?" "नेक्स्ट मंथ, इन्शाल्ला." हे तो पहारेकरी दर महिन्याला सांगायचा आणि हा दर महिन्याला विश्वास ठेवायचा.

शनिवारी ऑफिसात त्याचं पारायण चाले. "साहेब, मधोमध मारियेची एवढी गंभीर प्रार्थना, आणि समासात काय? चिलखत घातलेला सरदार गोगलगाईपुढे गुडघे टेकतोय! ससे शिकाऱ्याला काठीला बांधून नेतायत!"

"तुमच्या देवाला चालतं हे?"

"देवाला चालतं. फादरना अजून विचारलं नाही."

त्याने एकदा रजेच्या अर्जाभोवती द्राक्षाचा वेल काढला, तर मॅनेजरने मजकूर न वाचताच रजा मंजूर केली. मग गटारांच्या नकाशांच्या कडेलाही ससे दिसू लागले. तो ते कॉम्प्युटरवर वेगळ्या लेयरमध्ये काढायचा, म्हणजे नकाशावर पारदर्शक कागद ठेवावा तसे. लेयर बंद केला की ससे गायब. एका कंटाळवाण्या दुपारी मीच म्हणालो, "अरे, आपला प्रोजेक्ट मॅनेजर काढ की गोगलगाय करून."

"नको साहेब, पोटावर येईल."

"मी आहे ना!"

काढली त्याने. तेच टक्कल, तोच चष्मा, पाठीवर शंखाऐवजी साइटचं हेल्मेट. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ते शीट क्लायंटकडे मंजुरीला पाठवण्याआधी, शेवटचं एकदा हसून घ्यावं म्हणून मी तो लेयर उघडला. आणि बंद करायला विसरलो.

मीटिंगमध्ये क्लायंटच्या माणसांनी ते शीट टेबलावर पसरलं. मॅनेजरने विचारलं, "हू ड्रू धिस?" वसईकराने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी चहाच्या कपाकडे बघत म्हणालो, "सर, आय हॅड नो आयडिया." मग तो म्हणाला, "आय ड्रू, सर." खलास. त्याचा व्हिसा रद्द झाला. माझी निवृत्ती जवळ आली होती, हे कारण मी स्वतःला आजवर देत आलो आहे.

विमानतळावर सोडायला मीच गेलो. गाडीत त्याने त्या मीटिंगचा विषयही काढला नाही. चिंता एकच. "साहेब, आता मेंढपाळांचं पान येणार. देवदूत त्यांना ख्रिस्तजन्माची बातमी देतो ते. गावच्या नाताळच्या नाटकात मी दरवर्षी मेंढपाळ व्हायचो. एकही वाक्य नाही, नुसतं वर बघून तोंड उघडायचं. पान उलटलं की फोटो पाठवाल?"

"पाठवतो," मी म्हणालो.

कित्येक महिने माझं तिकडे जायचं धाडस झालं नाही. गेलो तेव्हा पान उलटलेलं होतं. सोनेरी आभाळाखाली तीन मेंढपाळ, तोंडं उघडी. मी फोटो काढला. पण नुसता फोटो कसा पाठवायचा? खाली दोन ओळी लिहायला हव्या होत्या. त्या लिहिता येईनात, म्हणून फोटोही राहिला. आज लिहू, उद्या लिहू करता करता एक दिवस त्याच्या बायकोचाच फोन आला. तो गेला होता. "तुमच्याबद्दल फार चांगलं बोलायचे," ती म्हणाली. "दवाखान्यातसुद्धा विचारायचे, साहेबांचा फोटो आला का म्हणून."

मी तिलाही काही सांगितलं नाही. त्या फोटोखाली लिहायचं होतं ते एवढंच होतं: वसईकर, ते चित्र मी काढायला सांगितलं, आणि लेयर मीच उघडा ठेवला. त्या खोलीत तू माझ्याकडे पाहिलंस, तेव्हा हे मी सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. मला माफ कर.