प्रत मागे ठेवायची नाही

औटी भाऊसाहेबांइतका भित्रा माणूस आमच्या कॉलेजात दुसरा नव्हता, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगायचे. पारनेरच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात सहादेव औटी एकोणतीस वर्षं क्लार्क. ऑफिसचं कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, स्टँडपर्यंत जाणार आणि तिथून परत येऊन चौथ्यांदा ओढणार. कॉलेजच्या मेलवर आलेलं प्रत्येक टपाल छापून फाईलला लावणार. लाईट गेली की मेल उडतात असं त्यांना वाटतं, असं मी सगळ्यांना सांगत असे. ती माझी पदरची भर. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते आणि माझी जीभ जरा सैल आहे.

त्यांच्या भीतीला कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी चाचणी परीक्षेचा पेपर टाइप केला आणि वापरलेला कार्बन टोपलीत टाकला. कुणीतरी तो उजेडासमोर धरून अख्खा पेपर वाचला. तेव्हाच्या प्राचार्यांनी त्यांना सगळ्या स्टाफपुढे उभं करून असं फैलावर घेतलं की आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही. नोकरी कशीबशी वाचली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, भाऊसाहेब पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. पुढे टाइपरायटर जाईपर्यंत ते प्रत्येक कार्बन मागच्या अंगणात नेऊन जाळायचे आणि राख होईपर्यंत तिथून हलायचे नाहीत. कागद आपल्या कपाटात कुलपात हवा, बाहेर कुठे प्रत मागे राहायला नको, एवढाच त्यांचा धर्म.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर खडीवरून गाडी घसरली आणि त्यांचा उजवा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. रिटायर व्हायला वर्ष-सव्वा वर्ष राहिलेलं, आणि ऑफिसातली एक जागा जास्तीची आहे अशी संस्थेत कुजबुज चाललेली. आपल्यावाचून सहा आठवडे काम नीट चाललं तर ती जास्तीची जागा आपलीच ठरणार, या धास्तीनं ते पायाच्या दुखण्यापेक्षा जास्त हैराण झाले. कसेबसे तीन आठवडे काढून त्यांनी प्राचार्यांना फोन केला, की कॉलेजचं मेल मी घरून बघतो.

घर म्हणजे पारनेरपासून बारा किलोमीटरवरची वस्ती. मुलगा चाकणला नोकरीला, त्याचा जुना कॉम्प्युटर घरात पडलेला. वस्तीवर नेट असं, की मेलचं पान उघडता उघडता जीव जायचा. म्हणून मेल ओढून थेट कॉम्प्युटरवर आणणारा प्रोग्राम बसवायचं ठरलं. मी इकडून फोनवर सांगत होते आणि ते तिकडे एकेक अक्षर टाइप करत होते. त्यांच्या पत्नी, राहीबाई वहिनी, फोन त्यांच्या कानाला धरून उभ्या. सर्व्हरचं नाव झालं, आकडे झाले. पासवर्ड टाकायच्या वेळी त्यांनी वहिनींना बाहेर पाठवलं.

मग म्हणाले, "सुरेखाताई, हितं एक टिक हाय. सर्व्हरवर प्रत ठेवा म्हनतंय. म्हंजी आपलं टपाल तिकडं कुनाच्या तरी मशीनवर पडून ऱ्हानार?"

माझ्या खिडकीपाशी बोनाफाईडसाठी पोरांची रांग लागली होती. मी म्हटलं, "नको असेल तर काढा भाऊसाहेब, आणि पुढे चला."

त्यांनी टिक काढली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी ऑफिसात मेल उघडलं तर आत काहीच नव्हतं. पुन्हा उघडलं, मशीन बंद करून सुरू केलं. आठ वर्षांचं टपाल होतं, त्यातलं एक पत्र शिल्लक नव्हतं. जुनं सगळं भाऊसाहेबांच्या फायलींत होतं. पण गेल्या तीन आठवड्यांतलं काही मी छापलं नव्हतं, आणि नेमक्या त्याच तीन आठवड्यांत बारावीच्या एकतीस मुलामुलींनी नावाच्या, जन्मतारखेच्या दुरुस्त्या दाखल्याच्या फोटोसह मेलवर पाठवल्या होत्या. बोर्डाची शेवटची तारीख उद्याची. कुणाकुणाच्या दुरुस्त्या आहेत याची यादीसुद्धा मी केलेली नव्हती. मार्कशीटवर चुकीचं नाव पडलं की माणूस पुढची पाच वर्षं पुण्याला खेटे घालतो.

प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मेल हॅक झालं, असं म्हणून त्यांनी संस्थेला फोन लावला. दुपारी नगरला सायबर पोलिसांकडे तक्रार द्यायचं ठरलं. पासवर्ड कुणाकुणाकडे आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, माझ्याकडे आणि औटी भाऊसाहेबांकडे. ते सांगतानाच मला ती टिक आठवली. ती काढली की टपाल घरच्या मशीनवर उतरतं आणि सर्व्हरवरून पुसलं जातं. तिथेच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. पाणी पिऊन येते म्हणून मागे अंगणात गेले आणि त्यांना फोन केला.

पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. खूश होते. "समदं आलंय, ताई. मोजलं. तीन हजार एकशे अठरा."

मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी आता फक्त ह्या डब्यातच हाय?"

मी म्हटलं, तिथूनच परत पाठवता येईल, मी सांगते तसं करा. ते म्हणाले, "न्हाई. आता मी कशालाच हात लावनार न्हाई." आणि फोन ठेवला. पुन्हा केला तर उचलला नाही.

मी जागेवर येऊन बसले. घाबरलेल्या माणसाचा काय भरवसा? मशीन जळालं म्हणून सांगितलं तर कोण विचारणार होतं? आणि खरं सांगते, त्यांनी तसंच करावं असं मला क्षणभर वाटलं. मग माझंही नाव कुठे आलं नसतं. त्या एकतीस पोरांचा विचार मला त्यानंतर आला.

प्राचार्य तक्रारीचा मजकूर सांगत होते. "अज्ञात इसमाने", हे शब्द मीच टाइप केले.

अर्ज निम्मा झाला असेल तोच फाटकात कांद्याच्या गोण्यांचा टेम्पो येऊन थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी भाऊसाहेब, प्लास्टरचा पाय ताठ. मांडीवर गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा, त्याला दोन्ही हातांनी मिठी. वहिनी मागे गोण्यांवर, कुबड्या धरून. बारा किलोमीटर त्यांनी टेम्पो बैलगाडीच्या चालीनं आणायला लावला होता, हादरा बसून आतलं काही पुसू नये म्हणून. दोन शिपायांनी त्यांना धरून आत आणलं, पण डबा त्यांनी टेबलापर्यंत कुणाला दिला नाही.

मी वायरी जोडल्या. बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला. भाऊसाहेबांनी डोळे मिटून टेबलाची कड धरली होती. बऱ्याच वेळानं पडदा उजळला. मेल होतं, सगळं.

मी पहिल्यांदा त्या एकतीस दुरुस्त्या छापायला लावल्या. मागे भाऊसाहेबांनी टिक काढल्याचं सांगून टाकलं आणि प्राचार्यांचा आवाज चढला. ती टिक काढायला तुम्हाला कुणी सांगितलं, औटी?

माझी पाठ त्यांच्याकडे होती. मी वळले नाही. प्रिंटरमधून येणारे कागद सरळ करत राहिले.

"कुनी न्हाई, सर," भाऊसाहेब म्हणाले. आवाज कापत होता, पण अडखळला नाही. "मीच काढली. प्रत मागं ठेवायची न्हाई, ही माझी जुनी सवय हाय. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

दुरुस्त्या वेळेत गेल्या. तक्रारीचा अर्ज पुसला. भाऊसाहेबांना मेमो मिळाला, तोही मीच टाइप केला. ऑफिस प्रतीवर सही करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर दुपारचा जेवणाचा डबा खाताना मी ती गोष्ट काढायला गेले तर म्हणाले, "तुमची अजून सतरा वर्षं नोकरी हाय, ताई. जेवा."

पुढच्या महिन्यात ते रिटायर होत आहेत. पेन्शनचे कागद मी तयार करते आहे. सर्व्हिस बुकात एकच काळं पान आहे, त्या मेमोचं, त्याखाली एकट्याची सही. निरोपाच्या कार्यक्रमात भाषण मी करायचं असं सगळ्यांनी ठरवलंय, कुलपाचे किस्से माझ्याइतके कुणाला येत नाहीत म्हणून. त्या दिवशी टिक काढायला कुणी सांगितलं होतं, ते मला तिथे सांगायचं आहे. भाषण लिहायला चारदा बसले. त्या वाक्यापाशी आले की हात थांबतो. मला भीती वाटते.