घड्याळाच्या चौकात जमीन खचली तेव्हा

तिला सगळे भोंगाबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटतही नसे. बाहेरगावाहून शहर बघायला आलेल्या लोकांना जुन्या चौकांतून पायी फिरवून आणायचं, हे तिचं काम. बाकीचे गाइड गळ्यात छोटा माइक अडकवून फिरत. हिला त्याची गरजच नव्हती. चौकाच्या एका टोकाला उभं राहून तिने तोंड उघडलं की दुसऱ्या टोकाची कबुतरं उडायची. लहानपणी शाळेत बडबड करते म्हणून बाईंनी तिला वर्गाबाहेर काढलं, तर शेजारच्या दोन वर्गांतून तक्रार आली, असं तिची थोरली बहीण सांगायची.

दोघी बहिणी कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, धाकटीने लग्नाच्या भानगडीत पडायचंच टाळलं होतं. थोरली लोकांचे कपडे उसवून, आत घालून, बेताचे करून द्यायची. धाकटी दिवसभर बोलून यायची आणि जेवताना पुन्हा सुरू व्हायची.

"अगं, मी काही तिकीट काढून बसलेली नाही इथे," थोरली म्हणायची. "जेव आता."

फेरी ठरलेली होती. धान्यबाजाराच्या चौकातून निघायचं. तिथे भिंतीत दगडी मापं कोरलेली आहेत, त्यांत लोकांना हात घालून बघायला लावायचं. मग न्यायालयाचा चौक. ज्या सज्ज्यातून पूर्वी शिक्षा वाचून दाखवत, त्याच्याखाली आल्यावर ती मुद्दाम आवाज उतरवायची, आणि लोक नकळत जवळ सरकायचे. तिसरा घड्याळाचा चौक. मग कारंज्याचा, आणि शेवटी नदीकाठचा.

तिचा जीव होता तो घड्याळाच्या चौकावर. मधोमध एक मोठा, काळपट, गोल दगड बसवलेला होता. त्यावर उभं राहिलं की मनोऱ्यावरच्या घड्याळाचा सूर्य-चंद्र रंगवलेला चेहरा आणि चारी बाजूंचे रस्ते एकदम दिसत. वीसेक वर्षं ती प्रत्येक गटाला त्या दगडावर उभं करत आली होती.

तिथेच फोटोवाल्याचं ठाण होतं. काटकुळा, डोक्यावर टोपी, तीन पायांच्या स्टँडवर जुना कॅमेरा. फोटो काढून तिथल्या तिथे छापून द्यायचा. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यापासून त्याचा धंदा निव्वळ त्याच्या हट्टावर चालला होता. त्याचं आणि भोंगाबाईचं रोज वाजायचं. "तुमच्या आवाजाने माझे फोटो हलतात," असं तो म्हणायचा. "तुमचे फोटो बघून माणसं हलतात," असं ती म्हणायची. चौकातल्या चहावाल्याला त्यांचं भांडण ऐकल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नसे.

पण त्या आठवड्यात भांडणाला धार आली. फोटोवाला कॅमेरा थेट गोल दगडावर रोवून बसू लागला आणि काही केल्या हलेना. त्या दिवशी ती बारा-तेरा जणांना घेऊन आली, तरी हा आपला तिथेच.

"अहो, सरका जरा. माझ्या लोकांना दोन मिनिटं उभं राहू द्या."

"नका उभं करू इथे. दगड हलतोय."

"दगड नाही हलत, तुमचं डोकं हलतंय! इतकी वर्षं बरा नाही हलला?"

"परवा एका म्हातारबाईचा पाय मुरगळला ह्याच्यावर. पालिकेत सांगून आलोय मी. ते येतील तेव्हा येतील."

"आणि तोवर जागा तुमची. वा! चांगली युक्ती आहे."

"तसं समजा हवं तर."

गटातले लोक हसायला लागले होते. तिचं डोकं फिरलं. "मग घ्या!" ती ओरडली. "गिळा एकदाची ती जागा!"

आणि पाठ फिरवून ती लोकांना मनोऱ्याच्या पायऱ्यांकडे घेऊन गेली. रागाच्या भरात एखादा मागे राहायचा, म्हणून पायऱ्यांवर उभी राहून ती माणसं मोजू लागली.

मोजणं अर्ध्यावर असताना आवाज झाला. धडाम असा काही नाही. भरलेलं पोतं जिन्यावरून गडगडत जावं तसा, आणि तोही जमिनीच्या आतून. तिने मान वळवली. गोल दगड नव्हता. कॅमेरा नव्हता. माणूस नव्हता. जिथे ते सगळं होतं तिथे एक काळं तोंड उघडलं होतं आणि त्यातून पांढरी धूळ शांतपणे वर येत होती.

तिला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, छाती भरली, आणि काही आलंच नाही. जन्मात पहिल्यांदा. चहावाला ओरडला, कुणाच्या तरी हातातली कपबशी फुटली, माणसं सैरावैरा पळू लागली. ती मात्र बोट पुढे करून तशीच उभी. बोट अजून सातव्या माणसावर होतं. गटातल्या एका बाईने तिचा दंड धरला आणि अगदी हळू विचारलं, "हे... हे तुमच्या फेरीतलंच आहे का हो?"

भोंगाबाईने तिच्याकडे बघितलं. प्रश्न कळला, पण त्याला उत्तर द्यायचं असतं हे सुचेना.

मग ती निघाली. पायऱ्या उतरून त्या तोंडाकडे. मागून लोक "अहो, नका जाऊ!" म्हणत होते. थोडं चालल्यावर पायाखालची एक फरशी किंचित दबली, तशी ती खाली बसली, मग पोटावर झोपली आणि लहान मूल सरकतं तशी सरकत कडेपर्यंत गेली. आत अंधार होता. गार, कुबट वारा तोंडावर आला.

"फोटोवाले," ती म्हणाली. कागद चुरगळावा एवढाच आवाज निघाला.

खालून कण्हणं ऐकू आलं. मग, "कोण आहे वर?"

"मी."

"मी कोण?"

त्याने आवाज ओळखला नव्हता. रोज शिव्याशाप ऐकणाऱ्या माणसाने ओळखला नव्हता.

"भोंगा," ती म्हणाली. स्वतःला ती तसं कधीच म्हणाली नव्हती.

मग तो म्हणाला, "बाई, लोकांना लांब ठेवा. तुमचं कुणी पडलं नाही ना?"

"नाही. तुम्ही... तुम्हाला..."

"पाय गेला वाटतं. कमरेपर्यंत पाणी आहे. अहो, इथे खांब आहेत." त्याचा आवाज चमत्कारिक येत होता, घुमत. "कमानी आहेत. एकामागून एक. उजेड पडलाय तेवढंच दिसतंय, पुढे अजून आहेत. हे केवढं आहे! तुमच्या पायऱ्यांच्याही खाली गेलंय हे."

तिने गाल दगडाला टेकवला. ज्या चौकाचा दगड न् दगड आपल्याला पाठ आहे असं ती सांगत फिरायची, तो पोकळ होता. किती शाळांच्या सहली, किती म्हातारीकोतारी, किती नवी लग्नं झालेली जोडपी तिने त्या पोकळीवर नेऊन उभी केली होती! "अजून थोडे मध्ये या, अजून थोडे," असं म्हणून म्हणून.

"दगड हलतोय म्हणून सांगत होतो," तो खालून म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "पण एवढं वाटलं नव्हतं. लोक अडखळू नयेत म्हणून कॅमेरा ठेवत होतो. कॅमेरा गेला, बाई."

तो मधूनमधून "आहात ना?" विचारायचा आणि ती फरशीवर बोटाने टकटक करायची. बंबवाले आले तेव्हा त्यांनी आधी तिचे घोटे धरून तिला मागे ओढलं आणि मग शिडी सोडली. स्ट्रेचरवर बांधून वर काढलेला फोटोवाला धुळीने पांढराफटक झाला होता. टोपी तेवढी डोक्यावर होती.

दवाखान्यात त्याची बायको धावत आली आणि भोंगाबाईच्या गळ्यात पडली. "ताई, तुम्ही होतात म्हणून वाचले हो. सगळे सांगतायत, कडेवर झोपून धीर देत होतात."

"वहिनी, नका असं बोलू," तिला कसंबसं बोलता आलं. "मी त्यांना... गिळा ती जागा, असं म्हणाले. आणि पाठ फिरवली. आणि लगेच..."

वहिनींनी पदराने तिच्या गालावरची धूळ पुसली. "तुम्ही रोज काय काय म्हणता ते मला सगळं माहीत आहे. घरी येऊन जेवताना तेच सांगतात. तुमचा आवाज काढून दाखवतात. मी पोट धरून हसते." आणि एवढं बोलून त्याच रडायला लागल्या.

पाय दोन ठिकाणी मोडला होता, बरगड्यांना मार होता, पण जीव शाबूत होता. चौकाखाली पाण्याचा जुना हौद निघाला. पालिकेच्या कुठल्याच नकाशात तो नव्हता. भोवती पत्रे लागले.

भोंगाबाई घरी बसली. आवाज हळूहळू परत आला, पण ती तो वापरेना. खोलीच्या मधून चालणं तिने सोडलं. भिंतीला धरून कडेकडेने जायची. एकदा थोरलीने बघितलं, तर ही खाली बसून उलथण्याच्या मुठीने फरशी ठोकून ऐकत होती.

थोरलीच्या हातातला दोरा तसाच राहिला. ओरडावं की जवळ घ्यावं तिला कळेना. शेवटी ती शेजारी जमिनीवर येऊन बसली आणि म्हणाली, "खाली कुलूपवाला आहे गं. बाकी काही नाही."

"तुला काय माहीत?"

"हे बघ." थोरलीने पायाने दणादणा फरशी वाजवली. खालून कुलूपवाला खेकसला, "काय चाललंय काय वर?" धाकटीच्या तोंडावर हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ इतक्या दिवसांचं रडू.

ज्या कंपनीसाठी ती फेऱ्या करायची, तिचे मॅनेजर भेटायला आले. फेरीची मागणी वाढली होती. लोकांना तो खड्डा बघायचा होता, आणि ज्या बाईने ऐनवेळी गटाला बाजूला नेलं तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"तुम्हाला आतून काहीतरी जाणवलं, असं सांगा," मॅनेजर म्हणाले. "लोकांना आवडतं."

"मला राग आला होता," ती म्हणाली.

"ते ठीक आहे हो, पण सांगताना..."

"मला राग आला होता, साहेब. ज्याला जाणवलं होतं त्याच्यावर मी ओरडत होते. सांगायचं तर हेच सांगेन."

मॅनेजर चहा अर्धा टाकून गेले. तरी कामावर तिला घेतलंच; तिच्याइतकी माहिती असलेलं दुसरं कुणी नव्हतं. फोटोवाला कुबडी घेऊन नदीकाठच्या चौकात भिंतीला टेकून बसू लागला. चौकातल्या दुकानदारांनी मिळून त्याला एक जुना कॅमेरा आणून दिला होता. त्याच्या झाकणाला सतत काहीतरी होत असे.

परतल्यानंतरच्या पहिल्या फेरीत ती पत्र्यांपाशी थांबली. झालं ते सरळ सांगितलं, आपण काय बोललो तेही. कुणी फोटो काढला नाही. मग कारंज्याचा चौक. पाणी उडत होतं, ऊन होतं, माणसं बाकांवर बसली होती. गटातल्या एका पोक्त बाईने पायांकडे बघत विचारलं, "आणि ह्याच्याखाली काय आहे?"

भोंगाबाईने त्या फरश्यांकडे बघितलं. त्या कुणी घातल्या, दगड कुठल्या खाणीतला, सगळं तिला ठाऊक होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

बोलल्यावर तिची तीच दचकली. सगळ्या गटाने खाली बघितलं. एकाने उचललेला पाय तसाच धरून मग जरा बाजूला ठेवला. मग तिने सगळ्यांना हाताने खूण केली आणि कारंज्याच्या कडेकडेने पुढच्या रस्त्याकडे नेलं.