सहा फुटांची खालची रेघ

आमच्या जळगावच्या पाटबंधारे ऑफिसातले किस्से धरणातल्या गाळासारखे आहेत. मुद्दाम कुणी आणून टाकत नाही, पण दरवर्षी थर वाढतोच!

बीएस्सी फिजिक्स करून मी तिथे लागले, त्याच वर्षी खोली मोजायचं यंत्र आलं. ते पाण्यात आवाज सोडतं आणि तळावरून परत आलेला प्रतिध्वनी पकडून कागदावर रेघ काढतं. धरण तापीच्या एका उपनदीवरचं, अगदी उथळ. गाळ किती साचलाय ते लिहून द्यायचं होतं. नाहीतर उन्हाळ्यात गावाच्या नळाला चिखल येणार!

*

पहिल्या दिवशी सुपरवायझर नानांनी नारळ फोडला आणि यंत्राच्या पाण्यातल्या तोंडालाच झेंडूचा हार बांधला. रेघ थेट वर! आवाज फुलांवरूनच परत येत होता.

नाना खूश. "बघ पोरी, पहिल्याच दिवशी तळ सापडला!"

*

इंजिनाच्या बुडबुड्यांनी कागद काळा व्हायचा. मी म्हटलं, "नाना, इंजिन बंद करा."

"मग वल्हवणार कोण? तू?"

वल्हवलं! नाना छत्री उघडून बसले.

*

एकदा कागदावर मध्येच ढग उमटले. नाववाले आबा वाकून म्हणाले, "ताई, आठे बठ्ठा मासा शेतस!" म्हणजे इथे सगळे मासेच.

दुसऱ्या दिवशी नावेत यंत्राला जागा नाही. जाळी!

*

उथळ पाण्यात आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यात दोनदा हेलपाटे घालतो. म्हणून कागदावर दोन रेघा. वरची खरी, तीन फूट. खालची भास, सहा फूट.

धुळ्याच्या वरच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "खालची धरा. पाणी जास्त दिसतं."

"साहेब, ती खोटी आहे. गावाला चिखल पाजायचाय का?"

"मॅडम, तुमचं लग्न ठरलं का हो?"

*

पुढच्या महिन्यात साहेब स्वतः पाहणीला आले. धरणाच्या मध्यावर पंख्यात शेवाळ अडकलं, इंजिन बंद. वल्ही काठावर! नाव ढकलायला मी उतरू लागले, तर साहेब ओरडले, "मॅडम, थांबा! सहा फूट आहे! मला पोहता येत नाही, वाचवणार कोण?"

"तीन फूट आहे, साहेब."

"कागदावर सहा आहे!"

आम्ही बसलो. ऊन चढलं. नानांनी छत्री एकट्याच्याच डोक्यावर धरली.

तेवढ्यात काठावरून एक म्हैस चालत आली. नावेशेजारी उभी राहून रवंथ करू लागली. पाठ कोरडी.

साहेबांनी म्हशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"मॅडम," मान खालीच ठेवून ते म्हणाले, "वरच्या रेघेचा रिपोर्ट आणा, सही करतो. पण त्यात म्हशीचा उल्लेख नको!"